उतारावर मोजलेलं ऑइल

गाडीचा निकाल रविवारी सकाळी नऊला लावायचा, असं थोरल्यानं ठरवलं. थोरल्यानं ठरवलं म्हणजे सगळ्यांना विचारून झालं, असं तो लहानपणापासून धरून चालत आलाय. फ्रिजच्या वेळी तेच, पोर्चच्या फरशीच्या वेळी तेच. फ्रिज निदान थंड तरी करायचा.

विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासायचं काम तो करायचा. दिवसभर चेपलेले पत्रे बघून संध्याकाळी घरी आला की माणसांकडेही त्याच नजरेनं बघायचा, यात वाचवण्यासारखं काही उरलंय का म्हणून. आज तो फाइल घेऊन आला होता. फाइलवर जाड अक्षरात 'गाडी' असं लिहिलं होतं, नाहीतर चुकून कुणी ती फ्रिजची समजायचं.

"सगळे बसा," तो म्हणाला. सगळे बसलेलेच होते.

बैठक पुढच्या खोलीत होती, म्हणजे आईच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात. भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा तक्ता, टेबलावर रिव्हर्स समजावायला ठेवलेल्या दोन लाकडी गाड्या, आणि दारावर आईच्या अक्षरातली पाटी: 'गाडी सुरू करण्याआधी ऑइल बघा. कमी असेल तर घाला. विचारत बसू नका.' या घरातली मुलं बाकीची अक्षरं नंतर शिकली, आधी ही पाटी वाचायला शिकली. आई दाराकडे पाठ करून, सगळ्यांची तोंडं समोर दिसतील अशी बसली होती. गेलं वर्षभर ती अशीच बसायची. अध्यक्षपद सुटत नाही बाईचं, असं थोरला बायकोला म्हणायचा.

"परवा टेस्ट घेणारे साहेब काय म्हणाले, ते सगळ्यांना माहीत आहे," थोरल्यानं सुरुवात केली.

"मला नीट माहीत आहे," धाकटी म्हणाली. "मीच होते तिथं." धाकटी म्हणजे त्याची बहीण. दुपारच्या शिकवण्या ती घ्यायची, सकाळच्या आई. "ते म्हणाले, या इंजिनाच्या खडखडाटात शेजारी बसलेला माणूस काय बोलतोय ते कळत नाही, पुढच्या वेळी ही गाडी आणू नका. आणि मग त्यांनी त्या बिचाऱ्या मुलीला पास केलं, कारण तिच्या चुका त्यांना ऐकूच आल्या नाहीत."

"विनोद नंतर." थोरल्यानं फाइल उघडली. "तीन लाख ब्याण्णव हजार किलोमीटर झालेत. त्यातले तीन लाख दुसऱ्या गिअरमध्ये. अर्ध्या गावानं आपला पहिला क्लच या गाडीचा जाळलाय. आता तीन वाटा आहेत. इंजिन पूर्ण खोलायचं, रिंगा, बेअरिंग, सगळं नवं घालायचं. नाहीतर अपघातातल्या एखाद्या गाडीचं चांगलं इंजिन आणून बसवायचं. नाहीतर," इथं त्यानं पान उलटलं, "गाडीच काढायची."

"तुला कुठली हवी ते आम्हाला पान उलटायच्या आधीच कळलं, दादा."

"मी फक्त मांडतोय."

"मग तिसरंच पान रंगीत का छापलंस?"

पान खरंच रंगीत होतं. त्यावर एका पांढऱ्याशुभ्र नव्या गाडीचं चित्र होतं.

"ऑटोमॅटिक आहे," थोरला म्हणाला. "आता सगळे तीच घेतात. क्लच नाही, गिअर नाही, शिकवणाऱ्याला करायला काही नाही. म्हणजे आई, तूही मोकळी."

आईनं चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा लावला. तिच्या सीटबद्दल कुणी बोललं नाही. शिकणाऱ्याच्या शेजारची सीट, पायाशी दुसरा ब्रेक, वर एक जास्तीचा आरसा. एकतीस वर्षं ती तिथं बसली होती. इंजिन गेलं की गाडी जाणार, गाडीबरोबर ती सीट जाणार, आणि मग सकाळी सहाला उठायला आईला काही कारण राहणार नव्हतं. हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. फाइलीत त्याचं पान नव्हतं.

"गाडीला काहीही झालेलं नाही," आई म्हणाली. "खोलायची नाही, बदलायची नाही, काढायची नाही."

"आई, ती चौकाच्या पलीकडून ऐकू येते."

"मग बरंच आहे की. लोक बाजूला होतात."

"मी दुरुस्तीच्या बाजूनं," धाकटी म्हणाली.

"मला दुरुस्तीही नको," आई म्हणाली, आणि धाकटीचं तोंड उघडंच राहिलं. गेले आठ दिवस तिनं आईच्या वतीनं दादाशी भांडण चालवलं होतं. ज्याची बाजू घ्यावी त्यानंच असं पाडावं, हे या घरात नवं नव्हतं, पण दर वेळी नव्यासारखं लागायचं.

थोरल्यानं बायकोकडे पाहिलं. ती दातांची डॉक्टर होती. घरात तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणायचे, तिच्यासमोर प्रेमानं आणि पाठीमागे कंटाळून.

"तू सांग," तो म्हणाला. "किडलेला दात किती दिवस ठेवायचा?"

"मुळं घट्ट असतील तर काढायचा नाही," डॉक्टरीणबाई म्हणाली. "आधी एक्स-रे काढायचा. तुम्ही काढला?"

थोरल्यानं फाइलीत एक्स-रे शोधल्यासारखं केलं. बायको आपल्या बाजूनं बोलणार हे त्यानं गृहीत धरलं होतं, आणि तिला ते दिसत होतं. तिला आणखीही बरंच दिसत होतं. वर्षभरापूर्वी सासूबाई दाढेसाठी तिच्या दवाखान्यात आल्या होत्या. हिनं तोंडावर मास्क लावून विचारलं, थंड लागतं का? सासूबाई म्हणाल्या, साडेचारला. हिनं पुन्हा विचारलं, चावताना दुखतं का? सासूबाई म्हणाल्या, नको, पंखा असू दे. मग हिनं मास्क खाली ओढून तेच प्रश्न विचारले, आणि सगळी उत्तरं बरोबर आली. तेव्हापासून तिला माहीत होतं. सांगितलं असतं तर नवऱ्यानं दुसऱ्याच दिवशी फाइल केली असती, म्हणून ती गप्प राहिली. पण गप्प राहण्याचंही ओझं होतंच, आणि आज ते जास्त वाटत होतं.

"बाबा, तुमचं मत?" थोरल्यानं विचारलं. विचारायचं म्हणून.

बाबा कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत होते. पोस्टातून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकिणीच्या या नवऱ्याला गाडी येत नव्हती. बायकोनंच त्यांना तीन वेळा नापास केलं होतं, तेही लेखी. तिच्याकडे पिवळ्या कागदांची शेरेवही असायची, प्रत्येक शिकवणीनंतर एक चिठ्ठी फाडून शिकणाऱ्याच्या हातात. बाबांची शेवटची चिठ्ठी अशी होती: 'रस्त्यावरच्या प्रत्येकाला आधी तुम्ही म्हणतात. पोचणार कधी? नापास.' त्यानंतर बाबांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. पण गेलं वर्षभर ते आईच्या सकाळच्या प्रत्येक शिकवणीला मागच्या सीटवर, आईच्या बरोबर मागे, पेपर घेऊन बसायचे. शिकणारे त्यांना सरकारी निरीक्षक समजून घाबरायचे. घरातले म्हणायचे, म्हातारपणी बायकोचा पदर सुटत नाही.

"माझं काय मत," बाबा म्हणाले. "मी नापास माणूस."

एवढ्यात फाटकाशी मिस्त्रीची स्कूटर थांबली.

मिस्त्रीला आईनं बोलावलं होतं, आणि ते थोरल्याला आवडलं नव्हतं. गाडी पूर्वी मिस्त्रीकडेच जायची. पोर्च झाला त्याच सुमाराला थोरल्यानं सर्व्हिसिंग एका चकचकीत सर्व्हिस सेंटरला दिलं. तिथं कॉफी मिळायची आणि गाडी धुऊन मिळायची. बॉनेट उघडलं जायचं की नाही हे काचेपलीकडून दिसत नसे. मिस्त्री दीड वर्षांनी या गाडीला भेटत होता.

"मॅडम," तो म्हणाला. तो आईकडेच गाडी शिकला होता, म्हातारा झाला तरी उभा राहूनच बोलायचा. "सुरू करून दाखवता?"

सगळे पोर्चमध्ये आले. धाकटीनं किल्ली फिरवली. डब्यात खिळे घालून हलवावेत तसा आवाज झाला. शेजारच्या घराची एक खिडकी सवयीनं बंद झाली. आईच्या चेहऱ्यावर मात्र, सकाळपासून पहिल्यांदाच, जरा बरं वाटल्यासारखं दिसलं.

"बंद करा, बंद करा," मिस्त्री म्हणाला. त्यानं बॉनेट उघडलं, डोकं आत घातलं, ऑइलची पट्टी ओढून पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. पट्टीवर ऑइल खालच्या खुणेच्या जरा वर होतं.

"कमीच दिसतंय," धाकटी म्हणाली. "सोमवारीच तर घातलं होतं."

"सोमवारी," मिस्त्री म्हणाला. त्यानं पट्टी बघितली, मग खाली फरशी बघितली. मग खिशातून एक छऱ्याची गोळी काढून पुढच्या चाकाशी ठेवली. गोळी गाडीखालून घरंगळत थेट फाटकापर्यंत गेली. "हा उतार कुणी केला?"

थोरल्यानं घसा साफ केला. "पाणी तुंबायचं. दीड वर्षापूर्वी फरशी बदलली तेव्हा मी मुद्दाम उतार द्यायला सांगितला."

"गाडीचं तोंड घराकडे लावता?"

"फाटकाकडे लावली तर सकाळी काढताना सोपं पडतं," धाकटी म्हणाली, "पण दादाला तोंड घराकडेच हवं असतं. शिस्त."

"म्हणजे तोंड वर, बूड खाली," मिस्त्री म्हणाला. "आतलं सगळं ऑइल मागं जाऊन बसतं. पट्टी पुढच्या अंगाला आहे, तिला काय लागणार? चला, गाडी बाहेर सपाटीवर घेऊ. सुरू नका करू. ढकला."

या घरात एका कामाला चौघांनी हात लावल्याचं कुणाला आठवत नव्हतं. थोरला ढकलताना इतरांना कसं ढकलायचं ते सांगत होता. धाकटी मान बाहेर काढून त्याला सांगत होती की आधी हँडब्रेक सोडायला हवा, आणि तो तिनं अजून सोडलेला नाही. डॉक्टरीणबाईनं दोन बोटं लावली होती. आई फाटकात उभी राहून रस्त्यावरची वाहनं हातानं थांबवत होती, आणि वाहनं थांबतही होती, कारण त्यातल्या दोघांना गाडी तिनंच शिकवली होती.

रस्ता सपाट होता. दहा मिनिटं थांबून मिस्त्रीनं पट्टी काढली आणि सगळ्यांच्या नाकासमोर धरली. ऑइल वरच्या खुणेच्या तीन बोटं वर चढलं होतं.

"आता सांगा," तो म्हणाला. "ऑइल कोण घालतं?"

"मी," धाकटी म्हणाली. "दर सोमवारी बघते. कमी दिसलं की घालते. पाटीच आहे तशी."

"आणखी कोण?"

मग थोरला म्हणाला, "शनिवारी मी बघतो. म्हणजे, हिच्यावर कसं सोडायचं? ही विसरते."

"मी विसरते?"

"कमीच असायचं प्रत्येक वेळी. म्हटलं, ही विसरलीच. मी घातलं. सर्व्हिस सेंटरवाल्यांचं चांगलं ऑइल."

"आणि हे जाड ऑइल कुणी घातलं? वास वेगळा येतोय," मिस्त्रीनं पट्टी हुंगली.

"ते," थोरला म्हणाला, आणि त्याला थांबायला हवं होतं, पण ज्या माणसाला सगळं समजावून सांगायची सवय असते त्याला थांबता येत नाही. "जाड ऑइलनं आवाज तेवढ्यापुरता दबतो. येत्या मंगळवारी बघायला येणार होते ना, तेव्हा जरा..."

"कोण येणार होते?" धाकटीनं विचारलं.

"कोण येणार होते?" डॉक्टरीणबाईनंही विचारलं, आणि तिचा आवाज जास्त थंड होता.

गिऱ्हाईक येणार होतं. थोरल्यानं ताकास तूर लागू न देता गाडी विकायची बोलणी केली होती, मग घरच्यांचा विचार घ्यायला फाइल केली होती.

"छान," डॉक्टरीणबाई म्हणाली. "भूल दिलीत, दात काढलात, आणि आता पेशंटला विचारताय, काढू का?" ती नवऱ्याच्या शेजारून निघाली आणि रस्ता ओलांडून धाकटीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. लग्नाला सहा वर्षं झाली होती. एवढं अंतर ती पहिल्यांदाच चालली.

"तरी हिशेब लागत नाही," मिस्त्री म्हणाला. "दोघांत एवढं होत नाही. आणखी कुणीतरी आहे."

बाबांनी पेपराची घडी घातली. "बुधवारी," ते म्हणाले.

"बाबा, तुम्ही?"

"पेपरची पुंगळी करून. थोडंथोडंच. आवाज फार व्हायला लागला होता. तुमच्या आईला काळजी वाटत असणार असं वाटलं." मग ते हळूच म्हणाले, "मला कुणी सांगितलं नव्हतं की बाकीचेही घालतात."

कुणीच कुणाला सांगितलं नव्हतं. एकाच घरात, एकाच पाटीखाली राहून तिघं जण आठवड्याचे तीन वार वाटून घेऊन, एकमेकांपासून लपवून, एका इंजिनाची सेवा करत होते. इंजिनानं यांचं काय घोडं मारलं होतं कोण जाणे.

"ऑइल जास्त झालं की इंजिनातला दांडा फिरताना त्यात आपटतो," मिस्त्री म्हणाला. "त्याचा फेस होतो. फेसानं वंगण कुठून होणार? वर सगळं कोरडं वाजतंय. दुसरं इंजिन असतं तर सहा महिन्यांत बसलं असतं. हे मॅडमच्या हाताखालचं, सहन करायची सवय आहे."

"सपाटीवर बघायचं असतं," आई म्हणाली. ती पाटीच्या दिशेनं, घराकडे बघत होती. "मी लिहिलं नाही. मला वाटलं, एवढं कळतं."

मिस्त्रीनं गाडीखाली पसरट घमेलं सरकवलं आणि सगळं ऑइल सोडलं. ते बराच वेळ पडत राहिलं. तेवढ्या वेळात थोरल्यानं गिऱ्हाइकाला फोन करून नाही म्हणून कळवलं, कारण दोन बायका त्याच्याकडे बघत उभ्या होत्या. मिस्त्रीनं नवं फिल्टर लावलं, नवं ऑइल मापात भरलं, एक ढिली साखळी ताणली, वरच्या झडपा पान्यानं नीट केल्या. सगळं मिळून दीड तास गेला. डॉक्टरीणबाईनं सगळ्यांना चहा दिला, नवऱ्याला सगळ्यात शेवटी.

"मॅडम, बसा तुमच्या जागेवर," मिस्त्री म्हणाला. "तुम्हीच सांगा कशी वाटते ते."

आई तिच्या सीटवर बसली. बाबा मागे, तिच्या बरोबर पाठीशी. धाकटी स्टिअरिंगवर. तिनं किल्ली फिरवली.

आवाज जवळजवळ नव्हताच. शिवणयंत्र शेजारच्या खोलीत चालू असावं, एवढाच. धाकटीला हसू आवरेना. "दादा," ती म्हणाली, "तुझ्या फाइलीत चौथी वाट लिही. काहीच करायचं नव्हतं. फक्त आपण सगळ्यांनी हात काढून घ्यायचे होते."

"अजून लाखभर किलोमीटर जाईल," मिस्त्री म्हणाला. तो खूश होता.

आई समोर बघत होती. मग ती धाकटीकडे वळली. "अगं, कर ना सुरू," ती म्हणाली.

धाकटीचं हसू तसंच अर्धवट राहिलं. मागून बाबांचं बोट आईच्या खांद्यावर आलं, एकदाच, अलगद. आई लगेच म्हणाली, "हो, हो. झाली की सुरू. छान."

थोरला बाहेर खिडकीशी उभा होता. चेपलेल्या गाड्यांवरून अपघात कसा झाला ते तो सांगू शकायचा. ते बोट त्याला दिसलं. तो मिस्त्रीच्या स्कूटरकडे गेला, गाडीच्या मागे वीस पावलांवर, आणि त्यानं हॉर्न दाबला. आईची मान हलली नाही. बाबांचं बोट खांद्यावर दोनदा टेकलं. "हॉर्न," आई म्हणाली. "मागून कुणीतरी आहे. वाट द्या."

थोरला परत आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"किती दिवस झाले, आई?"

आईनं त्याच्या ओठांकडे पाहिलं. "दीड वर्ष असेल. आधी लोकांचं बोलणं गेलं. इंजिन ऐकू यायचं. आवाज वाढत गेला, तसं मला वाटलं, माझं बरं होतंय." ती थांबली. "गिअर कधी बदलायचा ते मी आवाजावरून सांगते. मीटर बघून नाही. तेवढं राहिलं होतं."

थोरल्यानं खिडकीवर टेकलेला हात काढून घेतला.

"तुला माहीत होतं?" थोरल्यानं बायकोला विचारलं.

"हो."

"आणि बाबांना?"

"बाबा मागच्या सीटवर पेपर वाचायला बसतात असं वाटत होतं तुम्हाला?" डॉक्टरीणबाई म्हणाली. "गेल्या वर्षभरात त्यांनी कधी पान उलटलेलं बघितलंत?"

आणि मग सुरू झालंच. कानाचं यंत्र लावायचं, असं धाकटी म्हणाली. आधी तपासणी, असं डॉक्टरीणबाई म्हणाली. ऑपरेशन होतं का ते बघू, असं थोरला म्हणाला, किंवा मग या वयात आता सरळ सोडूनच द्यायचं. तीन वाटा झाल्या. दुरुस्त करायची, बदलायची, की काढायची. आई मध्ये बसून प्रत्येकाच्या तोंडाकडे वळून वळून बघत होती, आणि तिघं एकदम बोलत असल्यामुळे तिला काहीच कळत नव्हतं. बाबांनी पुढे होऊन थोरल्याच्या हातावर पेपर मारला. बत्तीस वर्षांच्या मुलाला बापानं पहिल्यांदाच मारलं असेल.

आई खिडकीतून मिस्त्रीला म्हणाली, "थोडा आवाज ठेवता येईल का?"

मिस्त्रीनं हात पुसता पुसता मान खाली घातली. जन्मभर आवाज काढून टाकायचं काम केलेल्या माणसाला हे कुणी कधी विचारलं नव्हतं. "येईल, मॅडम," तो म्हणाला. "ढिलं ठेवायला काय लागतं. पण इंजिन खराब होईल."

"नको मग," आई म्हणाली.

साडेअकराची शिकवणी होती. बँकेतल्या कॅशियरबाई ठरल्या वेळी आल्या आणि एवढी माणसं गाडीभोवती उभी बघून फाटकाशीच थबकल्या. धाकटी उतरली. कॅशियरबाईंनी स्टिअरिंगवर बसावं, आरसे नीट करावेत, आणि शेजारच्या सीटवरच्या मॅडमनी निघा म्हणावं, एवढंच बाकी होतं. थोरला दाराला हात लावून उभा होता. नको म्हणायचं होतं त्याला, आणि ते म्हणणारा आपण असू नये असंही वाटत होतं.

आईनं डॅशबोर्डच्या कप्प्यातून शेरेवही काढली. पेनाचं टोपण दातानं उघडलं आणि लिहिलं, नेहमीसारखंच, ठळक, घाई न करता. कागद फाडला, पण कुणाच्या हातात दिला नाही. स्वतःच्याच पर्समध्ये ठेवला. मग दार उघडून ती उतरली आणि धाकटीला म्हणाली, "बस तू इथं. ब्रेक जरा कडक आहे, उजव्या अंगानं दाब. आणि या बाई आरसा फार डावीकडे वळवून ठेवतात, तो सरळ करायला सांग."

"आई, तू?"

"हॉर्न ऐकत नाही त्याला मी आजवर पास केलेलं नाही." ती डॉक्टरीणबाईकडे वळली. "यंत्राचं काय ते गुरुवारी बघू. मास्क न लावता बोलणारा डॉक्टर शोध."

"शोधते," डॉक्टरीणबाई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

आई मागचं दार उघडून बाबांशेजारी बसली. गाडी निघाली, इतकी मुकाट की शेजारची खिडकी उघडून कुणीतरी बघितलं. बाबांनी पेपर मांडीवरून बाजूला केला. चौक आला, वळण झालं, तेव्हा त्यांनी तिच्याकडे तोंड करून, ओठ दिसतील असं, विचारलं, "काय लिहिलंस?"

आईनं पर्समधली पिवळी चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. बाबांनी ती वाचली, घडी घातली आणि आपल्या खिशात ठेवली. त्या खिशात आधीच तीन जुन्या चिठ्ठ्या होत्या.

"कितव्यांदा?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यांदाच."

"मग एवढं मनाला लावून घेऊ नकोस," बाबा म्हणाले. "मी तीनदा झालोय."